रांगेत लावलेले जोडे

टोप्या तुम्ही बदलल्यात. दुसऱ्या कोणावर ढकलू नका. सिनेमावाल्यांना रणगाडे हवे होते, ते तुमच्याकडे होते. तोफा, ट्रकांचा ताफा, गणवेशात उभी करायला जवान पोरं, सगळं तुमच्याच गोठ्यात बांधलेलं. तुम्ही पटकथा मागवून घेतलीत, एका पानावर लाल पेन्सिलीनं रेघ मारलीत आणि म्हणालात, एवढं बदला आणि रणगाडे घेऊन जा. पामगोलच्या दरीत बंदुका रोखून उभ्या राहिलेल्या माणसांच्या डोक्यावरच्या टोप्या, एवढंच बदलायचं होतं. दिग्दर्शकानं बदलल्या. मग साऱ्या देशानं तिकीट काढून ते पाहिलं, रुमाल भिजवले आणि शेवटच्या पाटीवर तुमचे आभार मानलेलेही वाचले.

आता त्या टोप्यांखाली कोणाची डोकी होती, ते ऐका.

बे इन्तेक हा प्रांताच्या एका दैनिकात सिनेमावर लिहायचा. कॉलेजचं तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं. तरुणपणी रेल्वेत गार्ड व्हायचं त्याच्या मनात होतं. लेखी परीक्षेत तो पास झाला, पण घराण्याच्या चौकशीत नाव गळलं. का, ते कोणी सांगितलं नाही. मग तो थिएटरांवरचे मोठाले फलक रंगवायला लागला. नटांची नाकं रंगवता रंगवता त्यानं इतके सिनेमे पाहिले की पुढं तो त्यांच्यावर लिहायला लागला, आणि तिखट लिहायला लागला. त्याच्या लेखाला राजधानीतली, सोलची मंडळी नाक मुरडायची, पण गावाकडचा माणूस थिएटरात जायच्या आधी विचारायचा, "इन्तेक काय म्हणतो?"

'तीन डोंगरांचा धूर' आला तेव्हा सगळ्यांनीच लिहिलं. तीन तासांचा सिनेमा. युद्धात ताटातूट झालेले दोन मित्र, जळती गावं, पुलावरची ती प्रचंड लढाई. एकानं लिहिलं, आपल्या देशानं अखेर आपलं युद्ध आपल्या डोळ्यांनी पाहिलं. तरुण समीक्षकांनी दात काढले, म्हणे रडारडीचा चिखल आहे, तासभर कापा. म्हातारे सैनिक पदकं लावून थिएटरात गेले आणि बाहेर पडताना त्यांना धरून आणावं लागलं. पण एका दृश्यावर मात्र चिखल म्हणणारे आणि रडणारे दोघेही एकमतानं लोटांगण घालत होते. दरीतल्या खड्ड्याच्या काठावर गावच्या बाया एकेक करून खाली बसतात, पायातले पांढरे रबरी जोडे काढतात आणि ओळीनं लावून ठेवतात, टोकं खड्ड्याकडे करून. कॅमेरा त्या जोड्यांवरून हळूहळू सरकतो. गोळ्या फक्त ऐकू येतात.

सोलच्या एका प्राध्यापकानं त्यावर पान भरून लिहिलं. कोणी मेलं की यमाच्या दूतांसाठी दाराबाहेर भात आणि जोडे ठेवायची आपली रीत, ती दिग्दर्शकानं कशी उलटी केली, इथं मरणारेच दूतांना आपले जोडे देतात, वगैरे. परदेशातल्या महोत्सवात एका गोऱ्या बाईनं या दृश्यावर उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे.

इन्तेकनं यमाचे दूत आणले नाहीत. त्याला गरज नव्हती. ती दरी त्याच्या आईच्या गावची, पामगोलची होती, शूटिंगही तिथंच झालं होतं, आणि खड्ड्याच्या काठावर बसलेल्या त्या बायांत पहिली त्याची आई होती, सुनबुन. गावातल्या म्हाताऱ्यांना दिवसाच्या बोलीवर गर्दीत उभं केलं होतं. त्यानं लिहिलं, "पडद्यावर जे घडतं ते माझ्या आईच्या गावात घडलं. यात एक अक्षर खोटं नाही."

लहानपणापासून त्याला हेच सांगितलेलं होतं. आजी, आजोबा, दोन्ही मामा, उत्तरेकडून आलेल्या लाल टोप्यांनी मारले. आईला विचारलं की ती म्हणायची, "लाल टोप्या होत्या. जेव." आणि किमचीची वाटी त्याच्यापुढं सरकवायची.

ते वाक्य पोस्टरवर गेलं. बसथांब्यांवर, थिएटरांच्या दारांवर, खाली नाव: बे इन्तेक. आयुष्यभर फलक रंगवले, आता फलकावर नाव आलं. संपादक कुकनं त्याला सोजू दारू पाजली.

मग सिनेमा कंपनीनं पामगोलच्या म्हाताऱ्यांसाठी बस पाठवली, शहरात खास खेळ ठेवला. तोवर त्यांच्यापैकी कोणीच तो पाहिला नव्हता. शूटिंगच्या दिवशीही त्यांनी आपल्यापुरतंच पाहिलं होतं. बायांचं दृश्य आधी घेतलं आणि त्यांना घरी पाठवलं, बंदूकवाले नंतर येऊन गेले.

इन्तेक आईच्या शेजारी बसला होता. आईच्या पलीकडं मालसून मावशी, आईची बालपणापासूनची मैत्रीण, जिभेला हाड नसलेली बाई. पडद्यावर दरी आली तशी ती ओरडली, "अगं ती बघ, आपली पर्सिमनची झाडं! आणि ते ढुंगण कोणाचं, माझं की काय?"

सगळ्या बाया खिदळल्या. सुनबुनही हसली. मग जोडे आले आणि हसणं थांबलं. कोणीतरी नाक ओढलं.

मग कॅमेरा वळला आणि बंदुकांमागची माणसं दिसली. लाल तारा लावलेल्या टोप्या. त्यांचा म्होरक्या उत्तरेच्या हेलात शिव्या देत होता. झाडांवर उन्हाळ्यातले किडे किर्र करत होते.

"हे कोण?" सुनबुननं मोठ्यानं विचारलं.

पुढच्या रांगेतून शुक्‌ शुक्‌ झालं.

"इन्तेक, हे कोण आहेत रे?"

"आई, हळू. लाल टोप्या. उत्तरेचे."

"ते कशाला आले इथं?"

तिनं पुढचा सिनेमा पाहिला नाही. मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून बसून राहिली. दिवे लागले तेव्हा इन्तेकनं पाहिलं, तिनं पायातले जोडे काढून खुर्चीपुढं लावून ठेवले होते, टोकं पडद्याकडे.

बाहेर बाजारात तो तिला आणि मालसून मावशीला रस्साभात खायला घेऊन गेला. वाफाळत्या वाट्या पुढ्यात आल्या. आई चमचा ढवळत राहिली.

"आपण तुझ्या आजी-आजोबांचं श्राद्ध कधी घालतो?" तिनं विचारलं.

"हे काय विचारणं झालं? बाराव्या महिन्यात."

"गावात त्या दिवशी आणखी कोणाकडे असतं?"

"सगळ्यांकडेच असतं. सगळ्या घरांतून एकदम तेलाचा वास सुटतो."

"आणि बाहेर काय असतं?"

"बर्फ," इन्तेक म्हणाला.

"मग सिनेमात ते किडे कशाला किरकिरत होते?"

मालसून मावशी म्हणाली, "मला वाटलं, सिनेमावाले थंडीला भितात म्हणून उन्हाळ्यात उरकून घेतलं."

"थंडीला नाही भीत ते," सुनबुन म्हणाली. "उत्तरेचे आले उन्हाळ्यात. त्यांनी आमचं धान्य नेलं, सरपंचाला मारलं, शाळेत गाणी शिकवली. पानगळ लागायच्या आत पळाले. बाराव्या महिन्यात त्यांच्यातला एकही गावात नव्हता. थोडे डोंगरात लपलेले, ते रात्री भात मागायला यायचे. बंदूक दाखवून मागितला तर कोण नाही म्हणेल? तेवढ्यासाठी आपले आले."

"आपले म्हणजे?"

"आपले म्हणजे आपले!" ती एकदम कडाडली. शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला. मालसून मावशीनं तिचा हात दाबला. इतक्या वर्षांची सवय, कोणी वळून पाहिलं की गप्प. पण सुनबुन गप्प बसली नाही, फक्त आवाज खाली आणला.

"एक जवान पोरगा होता. आपल्याच बोलीत बोलत होता, आपल्याकडचाच. माझ्या आजीला म्हणाला, 'आजी, जोडे काढा. सगळ्यांनी जोडे काढून ओळीनं ठेवा.' आजी म्हणाला रे तो. अदबीनं म्हणाला. त्यामुळं आम्हाला वाटलं, कुठंतरी आत नेताहेत, घराबिरात. जोडे काढायला सांगतं ते कोण? घरात घेणाराच ना? म्हाताऱ्या तर टोकं नीट जुळवून ठेवत होत्या. बर्फात अनवाणी माणूस पळत नाही, हे कोणाच्या डोक्यात येणार?"

इन्तेकनं चमचा खाली ठेवला.

"आईनं मला अंगाखाली घेतलं. नंतर मी खड्ड्यातून वर आले तर माझे जोडे सापडेनात. आईचे घालून चालत राहिले. पायात राहीनात ते."

"मग मला लाल टोप्या का सांगितलंस?"

"मग काय सांगायचं होतं? पोलीस दर हिवाळ्यात येऊन विचारायचे, तुझ्या घरचे कोणी मारले? लाल टोप्यांनी म्हटलं तर माझे आईबाप शहीद. आपल्यांनी म्हटलं तर माझे आईबाप लाल, मी लाल, तू पोटात असल्यापासून लाल. तरी तुझी रेल्वे गेलीच. त्यांच्याकडं सगळं लिहिलेलं असतं."

त्या गार्डच्या शिट्टीचं इन्तेकनं कितीदा स्वप्न पाहिलं होतं. ती नोकरी हुकली त्याला तो आजवर नशीब म्हणत आला होता.

"मग शूटिंगला कशाला गेलीस?"

"मला वाटलं, कोणीतरी खरं दाखवतंय," ती म्हणाली. "जोडे काढा असं आम्हाला त्या दिग्दर्शकानं सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, काठावर बसा आणि घाबरलेल्या दिसा. मी बसले आणि हात आपोआप पायाकडं गेला. माझं बघून सगळ्यांनी काढले. तो मागून ओरडला, कोणी थांबवू नका, चालू दे! मला वाटलं, याला कळलं."

दुसऱ्या दिवशी इन्तेकनं नवा लेख लिहिला आणि संपादक कुकच्या टेबलावर आपटला. कुकनं वाचला, चष्मा काढला, दाराकडं पाहिलं.

"भाऊ, तू दारू पिऊन लिहिलंस का?"

"छापतोस की नाही ते बोल."

"एक अक्षर खोटं नाही, हे कोण म्हणालं होतं? शत्रू म्हणाला होता का? तूच ना? आज म्हणतोस अक्षर न्‌ अक्षर खोटं. उद्या वाचक विचारतील, हा माणूस कोणत्या दिवशी खरं बोलतो?"

"तेच लिहिलंय. वाच, पहिल्याच ओळीत लिहिलंय."

"इन्तेक," कुक हळू आवाजात म्हणाला, "पुरावा काय? एक म्हातारी आणि श्राद्धाची तारीख?"

"सबंध गावचं श्राद्ध एका दिवशी येतं, हा पुरावा नाही? साथ येऊन गेली का गावात? एकाच दिवशी?"

"ओरडू नकोस. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळ्यांनाच माहीत आहे रे. या प्रांतात कोणाला माहीत नाही? माहीत असणं वेगळं, छापणं वेगळं." त्यानं लेख खणात टाकला आणि खण पायानं ढकलून बंद केला.

मग इन्तेकनं दिग्दर्शक ह्वांबोला गाठलं. तो एका पुरस्काराच्या जेवणातून बाहेर पडत होता, चेहरा दारूनं लाल. नाकारलंही नाही पठ्ठ्यानं.

"पहिल्या पटकथेत टोप्या तुझी आई सांगते त्याच होत्या," तो म्हणाला. "वरून कागद परत आला, लाल रेघ मारून. मी काय करायचं होतं? रणगाड्यांशिवाय युद्ध दाखवायचं? सायकलींवरून? टोप्या दिल्या, हिवाळाही दिला. पण जोडे ठेवले ना मी! तुझ्या आईचं दुःख सगळ्या जगानं पाहिलं. त्या गोऱ्या बाईनं उभं राहून..."

"माझ्या आजीचे जोडे," इन्तेक म्हणाला, "तू तिला मारणाऱ्याच्या पायात घातलेस."

"वा! हे वाक्य लिही," ह्वांबो म्हणाला आणि गाडीत बसला.

एवढ्यावर भागलं असतं तरी इन्तेक कदाचित धुमसत बसला असता. पण तुम्हाला एवढ्यावर भागवायचं नव्हतं. सिनेमा चालला, लोक दरी बघायला यायला लागले, तेव्हा तुम्ही तिथं दगड उभा करायचं ठरवलंत. पामगोलच्या लोकांनी किती वर्षं दगड मागितला! एकदा, जुनं सरकार पडलं त्या वर्षी, त्यांनी स्वतःच उभारला होता, मेलेल्यांची नावं कोरून. वर्ष झालं नाही तो तुमची माणसं घण घेऊन आली, फोडून तिथंच पुरला. त्यानंतर अर्ज केले की अर्ज करणाऱ्याचीच चौकशी. आणि आता तुम्ही म्हणालात, घ्या दगड. चकचकीत काळा. त्यावर सिनेमातले ते जोडे कोरलेले, 'शत्रूच्या हातून बळी पडलेल्या ग्रामस्थांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं, आणि खाली एका समीक्षकाचं वाक्य: यात एक अक्षर खोटं नाही.

इन्तेकनं कचेरीत जाऊन आपलं वाक्य परत मागितलं. तिथल्या बाबूनं सांगितलं, कोरून झालंय.

गावात बाया सुनबुनच्या अंगणात जमल्या. मुळे खारवायचे दिवस होते, सगळ्यांचे हात मिठानं पांढरे.

"मला दगड हवा," मालसून मावशी म्हणाली. ती हसत नव्हती. "खोटा का होईना. माझा बाप तिथं गवताखाली पडलाय, लोक वर बसून भाकरतुकडा खातात. दगड असला तर निदान कोणी मुतणार तरी नाही तिथं."

"त्यावर तुझ्या बापाचं नाव आहे का?" इन्तेकनं विचारलं.

"नाव नसलं तर नसलं."

"मावशी, ज्यांनी मारलं तेच दगड लावताहेत."

"मग दुसरं कोण लावणार? तू? तुझं वाक्य आहे ना बाबा त्याच्यावर? आम्ही निरक्षर, आमचं तर एक अक्षरही नाही!"

मग सुनबुन मुळ्याचा पाला खुडता खुडता म्हणाली, "मालसून, मी इतकी वर्षं खोटं बोलले ती या पोराला जगवायला. आता त्या दगडानं खोटं बोलून कोणाला जगवायचंय? गेले सगळे. मी पण जाईन. मग दगड एकटाच खोटं बोलत उभा राहील, आणि त्याला मरण नाही."

मालसून मावशी उठून निघून गेली.

अनावरणाच्या दिवशी तुम्ही आला होतात. पहिल्या रांगेत, मखमली खुर्चीवर, कोटाला फूल. शेजारी ह्वांबो. त्याच्या शेजारी सोलचे ते प्राध्यापक, यमाच्या दूतांवर दोन शब्द बोलायला. बँड होता. बर्फ पडून गेलं होतं, वाट चिखलाची झाली होती, म्हणून तुमच्या खुर्च्यांखाली निळं कापड अंथरलं होतं. गावच्या बाया मागं, दोरीपलीकडं.

इन्तेकला त्याचं वाक्य वाचून दाखवायला बोलावलं. तुमच्या माणसांनी आदल्या दिवशी त्याला समजावलं होतं, कुकनंही समजावलं होतं: एकच ओळ आहे, वाच आणि ये, नोकरी वाचव. तो माइकसमोर गेला. कागद उघडला.

"पडद्यावर जे घडतं," त्यानं वाचलं, "ते माझ्या आईच्या गावात..."

तिथं तो थांबला. खाली बसला. बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि दगडापुढं ठेवले, टोकं तुमच्याकडे करून. मोज्यांतून गारठा चढत होता. छायाचित्रकारांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, ते पुढं धावले. प्राध्यापकांनी मान डोलावली. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

दोरीखालून सुनबुन वाकून आत आली. तिनं जोडे काढून त्याच्या बुटांशेजारी लावले. मग एक आली, मग आणखी एक. अनवाणी म्हाताऱ्या बर्फाच्या चिखलात, आणि समोर जोड्यांची रांग. यावेळी कोणी सांगितलं नव्हतं आणि कॅमेऱ्यामागून कोणी 'चालू दे' ओरडत नव्हतं. मालसून मावशी मात्र दोरी धरून पलीकडंच उभी राहिली. जोडे तिनं काढले नाहीत. तोंडात डोक्यावरच्या रुमालाचा बोळा कोंबून ती रडत होती, आणि तिच्यावर रागवायचा हक्क कोणालाही नाही.

सुनबुन माइकपाशी गेली. तो तिच्या उंचीला फार वर होता, इन्तेकनं तो वाकवून धरला.

"साहेब," ती तुम्हाला म्हणाली, "तुमचा सिनेमा मी पाहिला. चांगला आहे म्हणतात. मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच सांगा, त्या दिवशी माझ्या आजीला एक पोरगा अदबीनं म्हणाला, आजी, जोडे काढा. आपल्या बोलीत म्हणाला. तो कोणाचा पोरगा होता? त्याला कोणी पाठवलं होतं?"

तेवढ्यात माइक बंद झाला. बँडला इशारा झाला. तुम्ही घड्याळाकडं पाहिलंत आणि उठलात. निळ्या कापडावरून गाडीकडं गेलात, बुटाला चिखलही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात दगडाचा फोटो आला. जोड्यांची रांगही होती त्यात. खाली लिहिलं होतं, 'अविस्मरणीय दृश्याला ग्रामस्थांची अनोखी आदरांजली.' इन्तेकचं सदर त्या आठवड्यापासून बंद झालं. आता तो भिंती रंगवतो. सिनेमाला त्या वर्षीचं सगळ्यात मोठं पारितोषिक मिळालं, जोड्यांच्या दृश्याचा खास उल्लेख करून. सुनबुन पुढच्या बाराव्या महिन्याआधीच गेली. शेवटी पाय सुजले होते, कुठलेच जोडे चढत नव्हते. इन्तेक तिचंही श्राद्ध त्याच दिवशी घालतो, सगळ्या गावाबरोबर. रीत तशी नाही, पण तो म्हणतो, ती तेव्हाच मेली होती.

दगड उभा आहे. त्यावरचं वाक्य उभं आहे. लोक येतात, फोटो काढतात, काहीजण हौसेनं जोडे काढून उभे राहतात.

म्हातारीनं प्रश्न विचारला तेव्हा तुम्ही उठून गेलात. ती आता विचारायला येणार नाही, म्हणून इथं पुन्हा विचारलाय. पोरगा आमच्या बोलीत बोलत होता. त्याच्या डोक्यावर टोपी कोणाची होती? जोडे काढायला लावा असं त्याला कोणी सांगितलं होतं? नाव सांगा. उत्तर द्या.